येवल्यात बायका रडल्या होत्या

धंद्याच्या भाषेत आमचा जिल्हा तेव्हाही निजामाचाच होता. निजाम जाऊन कितीतरी वर्षे झाली होती, पण सिनेमाच्या वितरकांनी त्याला अजून जाऊ दिले नव्हते. त्यांच्या लेखी औरंगाबाद, जालना, परभणी हा सगळा मुलूख ‘निजाम सर्किट’मध्ये मोडायचा. वैजापूर ओलांडून येवला आले की ‘बॉम्बे सर्किट’ सुरू. नवा मराठी सिनेमा आधी तिकडे लागायचा आणि काही आठवड्यांनी त्याच्या रिळांच्या पेट्या आमच्याकडे यायच्या. मधल्या काळात पप्पा एसटीने येवल्याला जायचे आणि सिनेमा न बघताच परत यायचे.

न बघता, कारण ते पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे. तिथल्या दारावरच्या माणसाशी ओळख काढायची, पडद्याजवळच्या दरवाज्यात उभे राहायचे आणि अंधारात लोकांची तोंडे बघायची. “पिक्चर पडद्यावर नसतं बेटा, खुर्चीत असतं,” असे ते म्हणायचे. असली वाक्ये त्यांच्याकडे पुष्कळ होती. खरे म्हणजे त्यांना लोकांची तोंडे वाचता येत होती आणि त्या एका कसबावर आमचे घर चालले होते. कुठला सिनेमा घ्यायचा, कुठला सोडायचा, हे ते येवल्याच्या त्या दारात ठरवत.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतले एक जुने थिएटर त्यांनी चालवायला घेतले होते. इमारतीचा मालक दुसराच होता. माझ्या शाळेच्या दिवसांत ते बरे चालले. मग चिकलठाण्याच्या मागोमाग वाळूजकडे कारखाने उभे राहिले, शहरात पैसा आला, आणि आम्हाला वाटले होते तसा तो आमच्या खिडकीवर आला नाही. स्टेशनच्या बाजूला गार हवेची थिएटरे झाली. मोठे हिंदी सिनेमे त्यांनी नेले. कारखान्यातली पोरे शिफ्ट सुटली की तिकडे जात, नाहीतर गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये. आमच्याकडे उरले जुने, कापलेले प्रिंट आणि पडद्यावरचा ओलीचा डाग. मालकाला त्या जागेवर दुकाने बांधायची होती. दिवाळीला करार संपत होता. “एखादं पिक्चर चालवून दाखवा, मग बघू,” असे तो पप्पांना म्हणाला होता. घरी पप्पा जेवताना ताटाकडे बघत नसत. आईने शेजारी जाणे बंद केले होते. मी इंग्रजी शाळेतून कॉलेजात गेले होते आणि घरात आधीच कमी असलेले माझे बोलणे आणखी कमी झाले होते.

पप्पांचे कसब एका बाबतीत अडायचे. बायकांची तोंडे त्यांना बघता येत नसत. आमच्याकडच्या थिएटरांत लेडीज विभाग वेगळा असायचा, खिडकी वेगळी, दार वेगळे. तिथे पुरुषाने उभे राहायचे नाही. आणि आता पप्पांपुढे आलेला सिनेमा नेमका बायकांचा होता. एक भावजय आपल्या धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखे वाढवते, दागिने मोडून शिकवते, आणि नोकरी लागल्यावर तोच दीर तिच्या तोंडावर दार लावून घेतो. भाडे सगळे आगाऊ भरायचे, मग चालो की पडो, अशी वितरकाची अट होती.

“तू चल येवल्याला,” पप्पा मला म्हणाले. “लेडीजमध्ये बस. पिक्चर बघू नको. बायका कुठं रडतात, तेवढं बघ.”

बघणे मला जमत होते. बोलण्यापेक्षा ते सोपे होते.

येवल्याच्या त्या लेडीज विभागात पंखे होते पण फिरत नव्हते. खुर्च्यांच्या मधल्या जागेतही बायका लेकरे घेऊन बसल्या होत्या. मी भिंतीला टेकून, मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत राहिले. दिराने दार लावले तेव्हा सगळ्या विभागातून एक आवाज आला, कोणी पोटात मारल्यासारखा. माझ्या शेजारच्या बाईने पदरात तोंड खुपसले. थोड्या वेळाने तिने मान वर केली आणि माझ्या कोरड्या तोंडाकडे बघितले.

“अगं ए, तुला काय दगडाचं काळीज देऊन धाडलं का आईनं?”

मी मनात जुळवलेले वाक्य इंग्रजी होते.

“मुकी हाय वाटतं,” ती पलीकडच्या बाईला म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसल्या.

बाहेर एसटी स्टँडवर पप्पा माझी वाट बघत उभे होते.

“रडल्या?”

“हो.”

“कुठं?”

“दार लावतो तिथे. आणि शेवटी.”

“आधी उठून गेलं कोणी?”

“नाही. दिवे लागले तरी बसून होत्या.”

पप्पांनी डोळे मिटले. मग त्यांनी भजी मागवली आणि किती तरी दिवसांनी पोटभर खाल्ली. परतीच्या गाडीत, वैजापूर यायच्या आत, त्यांनी ठरवून टाकले होते.

जाहिरातीसाठी भोंगा लावलेली रिक्षा शहरभर फिरली. आत बसलेला माणूस मराठी सिनेमाची जाहिरात त्याच्या दख्खनीत करत होता: “अम्मा, बहना, भाभीजान, रुमाल लेको आना!” लोक हसत, पण ऐकत. शुक्रवारी पहिल्या खेळालाच लेडीजची खिडकी भरून गेली.

लेडीजचे दार सांभाळायला आमच्याकडे एक बाई होत्या. सगळे शहर त्यांना मावशी म्हणायचे. त्या विद्यापीठाकडच्या वस्तीतल्या, बौद्ध घरातल्या. कमरेला बॅटरी, तोंडात सुपारी आणि बसायला घरून आणलेले लाकडी स्टूल. थिएटरच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. खुर्ची गिऱ्हाइकाची, म्हणायच्या. दार उघडले की त्यांचा आवाज सुरू व्हायचा.

“ए बाई, पोरगं मांडीवर घे, नायतर त्याचं बी तिकीट काढ. … अगं रडाया आली का भांडाया? … सरक, सरक, तुझ्या नवऱ्यानं काय दोन खुर्च्या घेतल्या व्हय?”

बायका त्यांच्यावर चिडत आणि पुढच्या वेळी त्यांनाच हाक मारत. अंधारात उशिरा आलेल्या म्हातारीला त्या हाताला धरून जागेवर नेऊन बसवत. मला त्या बेबी म्हणत. “बेबी, तोंड उघड की जरा, माशी जाईल म्हनून भेती का?”

शनिवार भरला. रविवारी वैजापूरच्या रस्त्यावरच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या. गल्लीत ट्रॅक्टर मावेनात. पप्पा ऑफिसच्या खिडकीत उभे राहून त्या ट्रॉल्यांकडे बघत होते. “चाललं,” ते म्हणाले. “बेटा, चाललं.”

त्याच दिवसांत विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, नामांतराचा प्रश्न पुन्हा पेटला होता. मोर्चे निघत होते, एकीकडून मागणीचे, एकीकडून विरोधाचे. खेड्यांतून वाईट बातम्या येत. आमच्या कॉलेजात मुली त्यावर बोलत नसत. आमच्या घरातही नाही. बोलायची गरज आम्हाला कधी पडली नव्हती, एवढे मला आता कळते.

रविवारी संध्याकाळी, ट्रॉल्या घेऊन आलेला गावचा एक पुढारी ऑफिसात आला. मी कोपऱ्यात तिकिटांवर शिक्के मारत होते. त्याने पप्पांच्या समोर पाय पसरले.

“शेठ, पिक्चर लई भारी. उद्यापासून आणखी ट्रॉल्या आणतो. आसपासच्या गावांना सांगून ठेवलंय. फक्त एक करा.”

“सांगा ना.”

“लेडीजच्या दारात ती बाई नको.”

पप्पांनी समोरचे रजिस्टर मिटले.

“वातावरण बघताय ना तुम्ही? आमच्या बायांच्या हाताला धरती, बसवती. गावात बोलणं व्हतंय.”

“जुनं माणूस आहे ते.”

“असू द्या की जुनं. काढून टाका म्हणलं का मी? पंधरा दिवस घरी बसू द्या. पिक्चर तुमचं हाय, आम्हाला काय, आम्ही ट्रॉल्या दुसरीकडं नेऊ.”

तो गेल्यावर पप्पांनी माझ्याकडे बघितले. मी शिक्के मारत राहिले. मग ते उठून लेडीजच्या दाराकडे गेले आणि मीही मागोमाग गेले, कारण ऑफिसात एकटीने बसवेना.

“बाई,” पप्पा म्हणाले, “थोडे दिवस आराम करा. वातावरण गरम आहे. तुमच्या काळजीनंच सांगतोय. पगार चालू राहील.”

“मला काय झालंय आराम कराया?”

पप्पा भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होते. मावशींनी त्यांच्याकडे बघितले, मग बाहेर ट्रॉलीत चढणाऱ्या बायकांकडे, त्यांना घाई करणाऱ्या त्या पुढाऱ्याकडे. तोंडातली सुपारी त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. कमरेची बॅटरी सोडून त्यांनी माझ्या हातात दिली.

“सेल नवे हायत,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. स्टूल तिथेच राहिले.

सोमवारी मी त्या स्टुलावर बसले. ट्रॉल्या आल्या नाहीत. बंद पुकारला गेला होता, रस्त्यात कुठेतरी एसटीवर दगड पडले होते, आणि गावांनी आपल्या बायका घरात ठेवल्या. पुढाऱ्याचा निरोपसुद्धा नाही. मंगळवारीही तेच. पप्पा गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहत आणि परत येत, पुन्हा जात. एखादे तिकीट गेले तरी खेळ दाखवावा लागे. मशीन चालू असायचे, रिकाम्या खुर्च्यांसमोर दीर दार लावून घ्यायचा आणि कोणाच्याच पोटातून आवाज यायचा नाही.

“बंद उठला की येतील,” पप्पा म्हणत. जेवताना, जिना चढताना, झोपेतसुद्धा.

बंद उठला. औरंगपुऱ्यात दुकाने उघडली. बांगड्यांच्या दुकानांत बायकांची गर्दी मी माझ्या डोळ्यांनी बघितली. आमचे दार मात्र तसेच; ट्रॉल्याही परतल्या नाहीत. दुपारच्या खेळाला, मावशींच्या आणि आसपासच्या वस्त्यांतून, धुणीभांडी आटोपून पोरे काखेत घेऊन येणाऱ्या बायका हा आमचा रोजचा आधार असायचा. त्यांतली एकही फिरकली नव्हती. शेवटी तिघी आल्या. मी बॅटरी घेऊन उभी राहिले.

“मावशी कुठंय?” पुढच्या बाईने विचारले.

“सुट्टीवर.”

“कशाची सुट्टी?”

ती माझ्याकडे, मग स्टुलाकडे बघत राहिली.

“म्हणजे खरंच हाय तर,” ती मागच्या दोघींना म्हणाली. तिघी खिडकीवर गेल्या, तिकिटे परत केली, पैसे मागून घेतले आणि चालू लागल्या.

हे मी पप्पांना सांगितले तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले. फरशीवरच. मोठ्या माणसाला मी असे बसलेले पाहिले नव्हते. मग उठले आणि म्हणाले, “चल. बाईंकडं जाऊन येऊ.”

मावशींचे घर दोन खोल्यांचे होते, समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याला ताजा हार. त्यांची मुलगी वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात होती; ती निळ्या ड्रेसवर, डबा हातात घेऊन दारातच उभी होती. आम्हाला बघून ती बाजूला झाली, पण गेली नाही.

“बसा शेठ. चहा घ्याल का आमच्या घरचा?”

“घेतो की.”

चहा आला. पप्पांनी तो गरम असतानाच संपवला, घाईघाईने, आणि रिकामा कप हातातच धरून ठेवला.

“बाई, उद्यापासून या दारावर. जे झालं ते…”

“काय झालं?”

“धंदा आहे हो. माझ्यामागं काय लागलंय तुम्हाला माहीत आहे.”

“धंदाच हाय,” मावशी म्हणाल्या. “म्हनून तर तुम्हाला वाईट बोलत नाय. पहिल्या दिवशी वस्तीतल्या बाया इचारत आल्या, दारावर का नाय गेली? मी म्हनलं, अंगात कणकण हाय. दुसऱ्या दिवशी बी तेच. तुमच्यापायी खोटं बोलले, शेठ. मग त्या ट्रॉलीवाल्याच्याच गावातनं कुनीतरी येऊन खरं सांगितलं. आता मी काय तोंड घेऊन त्यांना म्हनू, चला पिक्चरला?”

“तुम्ही म्हणाल तर येतील.”

“येतील. पन मी म्हननार नाय.”

मुलगी दारातून म्हणाली, “आई, बस निघंल माझी.”

“जा तू.” मग मावशी पप्पांकडे वळल्या. “पिक्चर चांगलं होतं, शेठ. माझं स्टूल तेवढं धाडून द्या.”

पप्पा कप खाली ठेवायला विसरले. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि मोरीजवळ नेऊन ठेवला.

स्टूल मीच नेऊन दिले, रिक्षात मांडीवर घेऊन. मावशी घरी नव्हत्या. मी ते दाराशी ठेवले आणि शेजारणीला सांगायचे धाडस न झाल्याने तशीच परत आले.

सिनेमा उतरला. पेट्या जालन्याला गेल्या. मालकाला आता पुढे काही बघायचे नव्हते; दिवाळीच्या आधीच त्याची माणसे इमारतीत मोजमाप घेत फिरू लागली. पप्पांनी किल्ल्या दिल्या त्या दिवशी आईने देवापुढे दिवा लावला नाही. विचारायला येणाऱ्याला पप्पा एकच सांगत: “पिक्चरच पडेल निघालं. माझा अंदाज चुकला.” पहिल्यांदा ते म्हणाले तेव्हा मला आश्चर्य वाटले. आपला अंदाज चुकला असे त्यांनी आयुष्यात कधी म्हटले नव्हते. हळूहळू ते हे वाक्य जवळजवळ आनंदाने म्हणू लागले. रात्री मात्र उठून बसत.

मग जालन्याच्या बातम्या येऊ लागल्या. कोणी म्हणे तिथे बरे चालले आहे, कोणी म्हणे काही खरे नाही. एके सकाळी पप्पा कपडे घालून माझ्यासमोर उभे राहिले.

“जालन्याला जाऊन येऊ.”

“आता कशाला?” आई आतून म्हणाली. “आता काय राहिलंय तिथं?”

“बघून येतो फक्त.”

एसटी चिकलठाण्यावरून जाताना कारखान्यांच्या भिंती दोन्हीकडून सरकत होत्या. पप्पा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “पिक्चरच खराब असेल, तर बाई असत्या काय आणि नसत्या काय. ते पडणारच होतं. नाही का?”

मी मान हलवली. ते कशासाठी चालले होते ते मला तेव्हा कळले.

दुपारचा खेळ सुरू झाला होता. बाहेर ट्रॅक्टर दिसला नाही, म्हणून पप्पांना थोडा धीर आला असावा. ते समोरच्या टपरीशी थांबले.

“जा. नीट बघ. मला खरं काय ते सांग.”

लेडीज विभागात शिरायला जागा नव्हती. दारावरच्या अनोळखी बाईने मला खांद्याने आत ढकलले आणि मी भिंतीशी उभी राहिले, येवल्यासारखीच. मी पडद्याकडे बघितले नाही. दिराने दार लावले आणि तोच आवाज आला, पोटात मारल्यासारखा. या वेळी मला माणसे बघता येईनात. सगळी तोंडे एकमेकांत मिसळून गेली. मावशींची बॅटरी आठवली, त्यांनी सेल नवे असल्याचे सांगितले होते ते आठवले, आणि पप्पा फरशीवर बसले होते ते. डोळ्यांतल्या पाण्याने माझी ओढणी ओली झाली तेव्हा मी बाहेर पडले. आवारातल्या नळावर तोंड धुतले, पुन्हा धुतले, आणि रस्ता ओलांडून टपरीशी गेले.

“रडल्या?”

“नाही,” मी म्हणाले.

“अजिबात?”

“चुळबुळ करत होत्या. काही उठून गेल्या.”

पप्पांनी श्वास सोडला. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. “बघ. मी म्हणत होतो ना? पडेलच होतं.” मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितले. “तोंड का धुतलंस?”

“आत उकडत होतं.”

एवढ्यात खेळ सुटला. लेडीजचे दार उघडले आणि बायका बाहेर येऊ लागल्या. डोळ्यांना पदर लावलेल्या, नाक पुसणाऱ्या, एकमेकींना धरून चालणाऱ्या. एक म्हातारी पायरीवरच बसली आणि तिच्या सुना तिला उठवू लागल्या. पुढच्या खेळाची रांग त्यांच्यासाठी वाट करून देत होती आणि आतून आलेल्यांची तोंडे बघत होती.

मी पप्पांचा हात ओढला. ते हलले नाहीत. त्यांच्या पाठीला टपरी होती, समोर ते सगळे चेहरे होते, आणि चेहरे बघणे एवढे एकच काम त्यांना येत होते. ते शेवटची बाई बाहेर येईपर्यंत बघत राहिले.

“चल बेटा,” ते म्हणाले. “एसटी चुकेल.”